लावलेलं दार

रत्नागिरी
सोमवार, २७ मार्च १९३३

यमुनाबाईंनी काल माझी चांगली जिरवली.

चर्चमधल्या बायकांच्या सभेत प्रार्थना मी केली. पाव तास तरी चालली असेल. शेजारच्या मथुराबाईंनी दोनदा डोळे पुसले, पाळकांच्या घरच्या पाळकीणबाईसुद्धा पुढे झुकून ऐकत होत्या. सभा सुटल्यावर मी यमुनाबाईंचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवत होते, डोळे अधू झालेत ना त्यांचे, तर म्हणतात कशा, "सगुणा, बोललीस छान. प्रार्थना कधी करणार?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसरं कुणी असतं तर तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण सत्तरीची बाई, चाळीस वर्षं खेड्यापाड्यांत शुभवर्तमान सांगत अनवाणी फिरलेली. त्यांना घरापर्यंत पोचवून आले. आज दवाखान्यात कामाला जायच्या आधी तरातरा त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, "मग तुम्हीच शिकवा कशी करायची ती."

त्या हसल्या. म्हणाल्या, "रोज सकाळी अर्धा तास दार लावून बस. तोंड मिटून. ज्याचं नाव घेताना घास अडकतो, अशा एकाच माणसाचं नाव देवापुढे ठेव. आणि मनात काय काय येतं ते लिहून काढ." म्हणून ही वही.

नाव शोधावं लागलं नाही. तुळसा. माझी थोरली जाऊ.

वहीला ठाऊक नाही म्हणून एकदाच लिहून टाकते. माझे यजमान गलबतासकट बुडाले तेव्हा माझी लेक राही दोन वर्षांची होती. पुढे मला ताप धरला, तो काही उतरेना. जयगडहून मला इथे मिशनच्या दवाखान्यात आणून टाकलं. मी जगले, इथेच राहिले, अक्षरं शिकले, बाप्तिस्मा घेतला. राहीला आणायला गेले तर तुळसाचे यजमान रावजी भावजी दारात आडवे उभे राहिले. "तू गेलीस ती गेलीस. पोर आमच्या घरातली." त्यांच्या मागे तुळसा उभी होती, राहीला कडेवर घेऊन. चकार शब्द बोलली नाही.

राही तेव्हा चार वर्षांची होती, आता पंधराची असेल. मधल्या अकरा वर्षांत दोनदा दिसली, दोन्ही वेळा लांबून, जयगडच्या धक्क्यावर. आता तिचं लग्न काढतील. मला कोण कळवतंय? प्रभूकडे माझं एकच मागणं आहे, लग्नाआधी एकदा तरी तिला जवळून बघू दे.

गुरुवार, ३० मार्च

तोंड मिटून बसणं ही शिक्षा आहे. डोळे मिटले की दवाखान्यातल्या धुवायच्या पट्ट्या दिसतात. मग आठवतं, मीठ संपलंय. मग पायाला मुंग्या येतात.

शेवटी तुळसाचं नाव घेतलं. म्हटलं, प्रभो, तुळसाला क्षमा कर. तिनं माझी पोर बळकावली. माझ्या पाटल्या ठेवून घेतल्या. पोरीला माझं नावही सांगितलं नसेल. स्वतःला मूल नाही म्हणून दुसऱ्याच्या मुलावर डोळा ठेवला. हे सगळं तिला क्षमा कर. चांगला अर्धा तास गेला, कळलंही नाही. जमायला लागलं म्हणायचं.

मंगळवार, ४ एप्रिल

यमुनाबाईंना वरचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हा पंचनामा झाला. देवाला ठाऊक आहे सगळं, तू फौजदार कशाला होतेस?"

"मग काय म्हणू?"

"नाव घे आणि थांब."

थांब म्हणे! नाव घेऊन थांबलं की छातीत नुसती जळजळ होते. बोलून टाकलं की बरं वाटतं. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "म्हणूनच."

मंगळवार, ११ एप्रिल

आज एक विचित्र झालं. नाव घेऊन थांबले होते, आणि एकदम आठवलं की मला ताप होता तेव्हा तुळसा माझे तळवे चोळत बसायची. कांद्याचा वास यायचा तिच्या हातांना. होडीत मला झोपवली तेव्हा स्वतःचं धुवट लुगडं माझ्या अंगाखाली घातलं तिनं. अकरा वर्षांत हे कधी आठवलं नव्हतं. आठवलं आणि उलट रागच आला. मग पोर का नाही दिलीस गो मला?

दार लावण्याचं मात्र मी पक्कं केलंय. परवा मथुराबाई विरजण मागायला आल्या, कडी वाजवून वाजवून दमल्या, मी हलले नाही. नंतर म्हणाल्या, "मला वाटलं तुला काही झालं की काय." बिचाऱ्या आधीच घाबरलेल्या. मागल्या महिन्यात त्यांच्या उंबऱ्यावर कुणीतरी टाचण्या टोचलेलं लिंबू ठेवलं होतं. आम्हां ख्रिस्ती लोकांवर या आळीत काही जणांचा डोळा आहेच. मी त्यांना म्हटलं, "माझ्या दारात ठेवून बघा म्हणावं. गटारात भिरकावीन."

शनिवार, २२ एप्रिल

ठेवलंच मेल्यांनी!

सकाळी दार लावून बसले होते. आज मन जरा लागलं होतं. तुळसाचं नाव घेतलं आणि पहिल्यांदाच जळजळ झाली नाही, नुसतं नाव राहिलं. तेवढ्यात बाहेरून पुरुषाचा आवाज, "सगुणाबाय, हाय का गो घरात?" अनोळखी आवाज. मी हलले नाही. पुन्हा हाक, पुन्हा कडी. चारपाचदा तरी. देवासमोर बसलेल्या माणसाला असं उठवतात का? मी डोळे आणखी घट्ट मिटले. मग सगळं शांत झालं. अर्धा तास पुरा करूनच उठले, आणि मनातून फार बरं वाटलं, की आज मला कुणी हलवू शकलं नाही.

दार उघडते तो उंबऱ्याशी पळसाचं पान, त्यात कुंकवानं लाल केलेले तांदूळ, एक सुपारी. मथुराबाईंची कोंबडी अर्धे तांदूळ विस्कटून टिपत होती. शनिवार, परवावर अमावास्या आलेली. आणखी काय सांगायला हवं? लहानपणापासून अंगात मुरलेली भीती, ती कुठे लगेच जाते? मग त्या भीतीचाच संताप आला. चिमट्यानं पान उचललं, उरलेलं खराट्यानं लोटलं, आणि सगळं गटारात नेऊन टाकलं. वर साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "असलं काही पाठवायचं नाही माझ्या दारात! मला नको तुमचं काही!"

कोपऱ्यावरच्या विहिरीपाशी एक माणूस उभा होता, टोपी हातात घेऊन. तिशीचा असेल. माझ्याकडे बघत राहिला, तोंड पार उतरलेलं. मग वळून बंदराच्या रस्त्यानं चालता झाला. ठेवणारा तोच असणार. पकडला गेला म्हणून पळाला.

दिवसभर दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं. बायकांनी माझं फार कौतुक केलं.

मंगळवार, २५ एप्रिल

अमावास्या काल झाली. काही वाईट घडलं नाही. घडणार नव्हतंच.

यमुनाबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लिंबू होतं?"

"नव्हतं."

"काळा दोरा, कोळसा, असलं काही?"

"नाही. तांदूळ आणि सुपारी."

"तांदूळ अख्खे होते की कण्या?"

मी म्हटलं, "कोण बघत बसतंय!" त्यांनी माझा हात धरून ठेवला. मग म्हणाल्या, "तो माणूस पुन्हा आला तर उघड गो दार." म्हातारपणी माणूस भित्रं होतं. मला त्यांची कीव आली.

सोमवार, १ मे

आज लिहायलाच हवं.

दुपारी दवाखान्यात जयगडची काशी आली, सुकी मासळी घेऊन बोटीनं येते ती. पायात शिंगाळा माशाचा काटा मोडलेला, पाय टरटरून सुजलेला. मी पाय धुवायला बसले. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "तू रावजी तांडेलाची भावजय ना गो? अक्षत गटारात टाकलीस ती?"

मी म्हटलं, "कसली अक्षत?"

"कसली म्हंजे? राहीच्या लग्नाची! केरू आलावता की घेऊन, तुळसाचा भाव."

माझ्या हातातलं गरम पाण्याचं भांडं तिच्या पायावरच कलंडलं. ती किंचाळली. डॉक्टरबाई आतून ओरडल्या. मी तशीच बसून होते.

मग काशीनंच सांगितलं सगळं. भावकीनं ठरवलं होतं, बाटलेलीला अक्षत द्यायची नाही. तुळसा अडून बसली. "देवाची अक्षत झाली की पयली आयेची," म्हणाली, "नायतर मी मांडवात बसनार नाय." तीन दिवस जेवली नाही. शेवटी भावकीनं मान्य केलं, पण अट घातली, केरूनं माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. दारात अक्षत ठेवायची, हाक मारून तोंडानं सांगायचं आणि फिरायचं.

"त्यानं किती हाका मारल्यान," काशी म्हणाली. "तू दार उघडलंच नायस. तरी बिचारा कोपऱ्यावर थांबला, बायमानूस कामात असंल म्हनून. मग तू भायेर आलीस नि खराट्यानं लोटलीस."

"मी करणी समजले गो."

"अक्षता नि सुपारी बगून? तू काय विलायतेत जन्मलीस?"

माझ्या स्वतःच्या लग्नाची अक्षत माझ्या बापानं अशीच पळसाच्या पानातून बोलावणं म्हणून घरोघर नेली होती.

"राही काय म्हणाली?"

काशीनं पाय जवळ ओढून घेतला. मग म्हणाली, "काय म्हननार? ती पोर रोज तिन्हीसांजेला तुळशीफुडं दिवा लावताना म्हनायची, माज्या आयेस सुखी ठेव. इवलीशी होती तेव्हापास्नं. तुळसानंच शिकवलंन. केरू परत आला त्या दिसापास्नं तेवढं म्हनत नाय."

लग्न उद्या सांजेला, गोरजावर. परवा सकाळी भरतीला नवरी तरीनं खाडीपलीकडे जायची, तवसाळला.

अकरा वर्षं तुळसानं माझ्या पोरीच्या तोंडून माझ्यासाठी मागितलं. मी महिनाभर तिचं नाव घेतलं आणि तीन आठवडे तिचे गुन्हे वाचले. आणि ज्या दिवशी पहिल्यांदा मन निवळलं म्हणून मी खूश झाले, त्याच वेळी तिचा भाऊ माझ्या दाराची कडी वाजवत होता.

जयगड
मंगळवार, २ मे

धक्क्याजवळच्या चहाच्या दुकानाच्या पडवीत बसून लिहिते आहे. दिवस कलायला आला.

सकाळी निघायचं की नाही हेच ठरेना. गेले आणि भावकीनं तमाशा केला तर? नवऱ्याकडचे वरात फिरवून गेले तर? देवाला विचारावं म्हणून दार लावून बसले. जरा वेळानं दारावर काठीचे दणके. यमुनाबाई! अधू डोळ्यांची बाई चाचपडत आळी चालून आली होती.

"सगुणा, उघड!"

मी आतूनच म्हटलं, "देवाला विचारते आहे, जाऊ का म्हणून."

"विचारतेस काय? बोलावणं येऊन दहा दिवस झाले. बोट सुटेल!"

मी दार उघडलं. त्यांना धाप लागली होती. म्हणाल्या, "दार लाव म्हटलं ते तुझ्या तोंडाच्या पट्ट्यापायी. माणसांना बाहेर ठेवायला नव्हे. चूक माझीही आहे, मी नीट सांगितलं नाही." मग मात्र मी पळत सुटले. शेवटच्या होडीनं बोटीवर चढले.

इथे उतरून दोन तास झाले. टेकाडापलीकडून वाजंत्री ऐकू येते आहे. पाव तासाची वाट. दुकानात दोन माणसं बोलत होती. नवऱ्याकडचे आधीच कुरकुरत होते म्हणे, मुलीची आई बाटलेली म्हणून. रावजी तांडेलानं हात जोडले तेव्हा कुठे तयार झाले. आता मी मांडवाच्या दारात उभी राहिले तर काय होईल ते मला दिसतंय. गटारात अक्षत टाकून झाली, आता लग्नच मोडायचं का?

म्हणून उठले नाही. पाय सारखे निघायला बघतात. दोनदा टेकाडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत आले. दुकानदार संशयानं बघायला लागलाय.

प्रार्थनेला बसले असं नाही म्हणता येणार. पडवीला दारच नाही. समोरून माणसं जातायत, कुणी मासळी ओढतंय, कुत्रं पायाशी येऊन बसलंय. माझ्याजवळ शब्द नाहीत. एरवी एवढे असतात, आज एक नाही. राही म्हणते आणि थांबते. तुळसा म्हणते आणि थांबते. पंचनामा करायला उरलंय कोण, मीच.

आता वाजंत्री एकदम वाढली. मुहूर्त लागला असणार. टाकत असतील सगळे अक्षता. माझा हात रिकामाच.

रत्नागिरी
शुक्रवार, ५ मे

काल परत आले. परवाचं लिहायला आज धीर झाला.

सकाळी भरती लागली तशी वरात धक्क्यावर आली. पुढे रावजी भावजी, पार पिकलेले. मी पडवीच्या खांबाला धरून उभी. केरूनं मला ओळखलं. "भावोजी, तीच ही!"

सगळे थांबले. वाजंत्रीवालेही थांबले. भावजी चार पावलं माझ्याकडे आले. "कशास आलीस? आमचं हसं बगायला?"

काय काय सांगायचं रात्रीपासून जुळवून ठेवलं होतं. लिंबाचं, अमावास्येचं, दाराचं. तोंडातून एवढंच आलं, "चुकले मी. मला कळलं नाही अक्षत आहे ते. चुकले."

नवऱ्याकडची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "हीच ती वाटतं? पोरीवर सावली नको पडायला हिची." कुणीतरी राहीचा दंड धरून तिला तरीकडे वळवलं. झालं, गेली असं वाटलं.

तेवढ्यात बायकांमधून तुळसा पुढे आली. केवढी वाळलीय! माझ्यासमोर उभी राहिली आणि पदराची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना, दातानं सोडवली. आत मूठभर लाल अक्षता होत्या. माझा हात ओढून त्यात ओतल्या. म्हणाली, "तुझ्या वाटनीच्या काल बाजूस ठेवल्यावत्या. ह्या तरी नीट धर."

"जाऊबाय, तुम्ही..." मी म्हणायला गेले.

"नंतर. भरती जाईल."

म्हातारी पुन्हा काही बोलायला लागली. तुळसा तिच्याकडे वळली. "आये हाय ती पोरीची. मी वाढवली, पन आये ती हाय." म्हातारी बाजूला सरली. भावजींनी माझ्याकडे बघितलं नाही, पण तरवाल्याला हाक घातली, "थांबव रे जरा!"

मी राहीसमोर गेले. अकरा वर्षांनी, हातभर अंतरावर. तिच्या बापासारख्या भुवया. हळदीनं पिवळी झालेली, डोळे सुजलेले. माझ्याकडे बघत होती ती रागानंच. हसणं नाही, रडणं नाही. माझा हात वर उचलेना. नको म्हणाली तर?

"गटारात टाकलीस ना?" ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "आता माज्या डोक्यावर टाक."

आणि डोकं खाली केलं.

मी टाकल्या. एकदम नाही टाकल्या, थोड्या थोड्या टाकल्या, संपू नयेत म्हणून. ती हलली नाही. मुठीत चिकटलेले दाणे बोटांनी सोडवून टाकले, तरी ती तशीच उभी होती. मग तिला नेलं. तरीत बसल्यावर तिनं मागे बघितलं की नाही मला सांगता येणार नाही, मला काही दिसतच नव्हतं. तुळसा माझ्या शेजारी उभी होती. तिच्या हातांना अजून कांद्याचा वास येतो.

रविवार, ७ मे

सभेत पाळकीणबाई म्हणाल्या, आज प्रार्थना सगुणाबाई करतील. मी उभी राहिले. राहीचं नाव घेतलं, तुळसाचं घेतलं आणि खाली बसले. मथुराबाईंना वाटलं मला चक्कर आली, त्या पाणी घेऊन धावल्या. बाहेर पडताना यमुनाबाईंनी माझा हात मात्र सोडला नाही.

सकाळी बसले तेव्हा दार सताड उघडं ठेवलं होतं. कोंबडी आत आली, तिला हाकलली नाही. राहीचा तिन्हीसांजेचा दिवा आता तवसाळला लागत असेल. त्यापुढे ती माझं नाव घेते की नाही, मला कधी कळायचं नाही. मी तिचं घेतलं आणि थांबले.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "सगुणाबाय, हाय का गो घरात?"

"हाय, हाय!" म्हणत अर्ध्यावरच उठले. पलीकडच्या आळीतली गोदा होती. तिची चूल विझली होती, विस्तव हवा होता.